पहिल्या वर्षाची साक्ष

वैद्यकीय महाविद्यालयाच्या तपासणीला पथक येते तेव्हा ते रुग्णालयातल्या खाटा मोजते, शिक्षकांची हजेरी तपासते, प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक आणि वसतिगृहातल्या खोल्या मोजते. ते मोजलेच पाहिजे. पण नुकताच एमबीबीएसला प्रवेश मिळालेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी दोनशे जणांच्या वर्गात बसते तेव्हा तिला शंका विचारावीशी वाटते की मान खाली घालून लिहीत राहणे बरे वाटते, उत्तर चुकले तर सर समजावून सांगतील असा तिला भरवसा असतो की सगळ्यांसमोर शोभा होईल अशी धास्ती, रात्री खोलीवर परतल्यावर मनातले बोलायला कोणी असते की नसते, यासाठी तपासणीच्या तक्त्यात रकाना नाही. या गोष्टींचा शिस्तीने अभ्यास करणारे एक क्षेत्र वैद्यकीय शिक्षणशास्त्रात आहे. त्याला शैक्षणिक वातावरणाचा अभ्यास म्हणतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे वातावरण कसे जाणवते, हा त्यातला मला सर्वांत जिवंत वाटणारा भाग.

या क्षेत्रात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. तो वाचक शरीररचनाशास्त्राचा नवा सहायक प्राध्यापक असेल, प्रबंधासाठी विषय शोधणारा निवासी डॉक्टर असेल, ज्यांची लेक यंदा मेडिकलला लागली असे आईवडील असतील, किंवा स्वतः पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असेल. सगळ्यांचे स्वागत. संख्याशास्त्राचा धाक बाळगण्याचे कारण नाही. बेरीज आणि सरासरी येत असली तर या विषयातले निम्मे निबंध वाचता येतात. तयारी लागते ती वेगळी. विद्यार्थ्याचे म्हणणे हा पुरावा आहे असे धरून ते ऐकून घेता आले पाहिजे. माझी भूमिका इथेच सांगतो: पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जे पाहतो ते महाविद्यालयात दुसरे कोणीही पाहू शकत नाही, आणि तो स्वतःही ते थोडाच काळ पाहू शकतो. वर्षभरात त्याची नजर सरावते. जे खुपत होते ते रीतीचे वाटू लागते, आणि दोन वर्षांनी तोच सिनियर होऊन ती रीत पुढच्या बॅचला शिकवतो. म्हणून ही साक्ष वेळेवर नोंदवून घ्यावी लागते.

मराठीत अशी एक साक्ष फार पूर्वीची आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. पुढे काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. परक्या देशातली थंडी, शाकाहारी जेवणाची आबाळ, पोशाखाचा प्रश्न, एकटेपणा आणि त्याच वेळी काही शिक्षकांची माया हे सगळे त्या कहाणीत आहे. १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली, म्हणजे परीक्षेच्या निकषावर सगळे ठीक चालले होते. त्याच काळात त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि १८८७ मध्ये त्या गेल्या. निकालपत्र आणि राहणीमान या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि दुसरी नोंद विद्यार्थ्याकडूनच मिळते.

शास्त्र म्हणून या विषयाची मुळे मानसशास्त्रात आणि समाजशास्त्रात आहेत. माणसाचे वागणे त्याच्या स्वभावावर आणि भोवतालच्या परिस्थितीवर मिळून ठरते, हे कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्ये सूत्ररूपात मांडले. आज ते सर्वमान्य वाटते. पण वैद्यकीय महाविद्यालयांत अजूनही नापास झालेल्या विद्यार्थ्याचा स्वभावच आधी तपासला जातो. १९५७ मध्ये रॉबर्ट मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्याच्या घडणीवर ग्रंथ काढला. त्यानंतर १९६१ मध्ये हॉवर्ड बेकर, ब्लँच गिअर, एव्हरेट ह्यूज आणि अँसेल्म स्ट्रॉस या चौघांचे ‘बॉइज इन व्हाइट’ आले. माझ्या मते या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्यांदा वाचावे ते हेच पुस्तक.

या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रश्नावली वाटली नाही. ते विद्यार्थ्यांबरोबर व्याख्यानांना बसले, प्रयोगशाळेत उभे राहिले, त्यांच्याबरोबर जेवले, त्यांच्या गप्पा ऐकल्या. पहिल्या वर्षाबद्दल त्यांना जे आढळले ते आपल्याकडच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ओळखीचे वाटेल. पहिल्या काही आठवड्यांत मुले सगळेच शिकायचे ठरवतात. डॉक्टर व्हायचे तर काहीही सोडून चालणार नाही असे त्यांना मनापासून वाटते. मग हे अशक्य आहे हे ध्यानात येते आणि मुले अस्वस्थ होतात. काय सोडायचे? पुढे रोगी बरा करायला काय लागेल यावरून ठरवायचे, की परीक्षेत काय येईल यावरून? थोड्याच काळात बहुतेकांचे उत्तर एक होते: शिक्षकांना जे हवे आहे ते शोधायचे आणि तेवढे करायचे. या मुलांचा ध्येयवाद संपलेला नसतो. तो त्यांनी पुढच्या वर्षांसाठी बाजूला ठेवलेला असतो. कॅन्ससच्या अभ्यासकांनी हे दोषारोप म्हणून मांडले नाही, हे त्यांचे मोठेपण. विद्यार्थ्यांनी परिस्थिती नीट वाचली आणि तिला साजेसा मार्ग काढला, असे ते म्हणतात. आपल्याकडे गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळून ‘इम्पॉर्टंट’वर खुणा करणारा मुलगा आळशी आहे असे मानण्याआधी हे पुस्तक वाचावे.

१९६८ मध्ये फिलिप जॅक्सन यांनी शाळेच्या वर्गांविषयी लिहिताना छुप्या अभ्यासक्रमाची कल्पना मांडली. वेळापत्रकात नसलेले, पण वर्गाच्या रीतीभातींतून मुलांना शिकवले जाणारे धडे असा तिचा आशय. फ्रेडरिक हॅफर्टी यांनी १९९०च्या दशकात ती वैद्यकीय शिक्षणाला लावून दाखवली, आणि तेव्हापासून या क्षेत्रातली ती मध्यवर्ती कल्पना आहे. आपले उदाहरण घ्यायचे तर रुग्णाशी आदराने बोला हे व्याख्यानात सांगितले जाते आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विद्यार्थ्याचा पाणउतारा होतो. मूल यांतले कोणते शिकेल, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्नावल्यांचा काळ याच्या आगेमागे सुरू झाला. अमेरिकेत काही साधने आधीपासून होती, पण जगभर पोहोचले ते स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातले साधन. वैद्यकीय शिक्षणात डंडीचे नाव मोठे आहे. आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असलेली ‘ऑस्की’ परीक्षा रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये तिथेच पुढे आणली. त्याच डंडीत स्यू रॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘ड्रीम’ म्हणतात. ती कोणा एकाच्या टेबलावर सुचलेली नाही. वेगवेगळ्या देशांतल्या वैद्यकीय शिक्षकांना चांगल्या वातावरणात काय काय असते असे विचारले, आलेली यादी त्यांच्याकडेच पुन्हा पाठवून फेऱ्याफेऱ्यांत छाटली आणि शेवटी ५० विधाने ठेवली. विद्यार्थ्याने प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत ते ० ते ४ गुणांत सांगायचे. ९ विधाने उलट्या अर्थाची आहेत, त्यांचे गुण उलटे मोजायचे. एकूण गुण २००.

५० विधानांचे पाच गट आहेत. शिकण्याविषयी १२, शिक्षकांविषयी ११, आपल्या अभ्यासाच्या कुवतीविषयी ८, एकंदर वातावरणाविषयी १२ आणि आपल्या सामाजिक जीवनाविषयी ७. शिक्षक विद्यार्थ्यांची खिल्ली उडवतात का, ते हुकूमशाही वृत्तीचे आहेत का, केवळ माहिती पाठ करण्यावर भर आहे का, ताण आलेल्या विद्यार्थ्याला आधार देणारी काही व्यवस्था आहे का, इतका थकवा येतो का की शिकण्याचा आनंदच वाटत नाही, इथे चांगले मित्र मिळाले का, एकटे वाटते का, राहण्याची जागा बरी आहे का, अशी ती विधाने. एकूण ५० पर्यंत गुण आले तर परिस्थिती फार वाईट, १०० पर्यंत असंख्य अडचणी, १५० पर्यंत वाइटापेक्षा चांगले अधिक, आणि त्यापुढे उत्तम, असा अर्थ लावण्याची पद्धत आहे.

भारतातल्या आकड्यांपैकी दोन नवागताला माहीत असावेत. कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधला २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास १०७ च्या आसपास गुण दाखवतो. अभ्यासात पुढे असलेल्या मुलांना तेच महाविद्यालय मागे पडलेल्या मुलांपेक्षा चांगले वाटत होते. मणिपालमधल्या मेलाका मणिपाल मेडिकल कॉलेजचा २००८ मधला अभ्यास ११७ गुणांचा होता, आणि तिथे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी रुग्णालयातल्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले. नेपाळ आणि नायजेरिया यांची तुलना करणाऱ्या २००१ च्या अभ्यासात नेपाळच्या संस्थेला १३० आणि नायजेरियाच्या संस्थेला ११८ गुण होते.

हे आकडे पाहून लगेच क्रमवारी लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. १०७ आणि ११७ यांतल्या दहा गुणांनी एक संस्था दुसरीपेक्षा चांगली ठरत नाही. विद्यार्थी वेगळे, वर्ष वेगळे, विचारण्याची वेळ वेगळी. प्रश्नावलीच्या रचनेवरही गंभीर आक्षेप आहेत. विधानांचे जे पाच गट गृहीत धरले आहेत ते प्रत्यक्ष उत्तरांत तसे पडत नाहीत, असे आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. माझा सल्ला असा की एकूण गुण एका ओळीत नोंदवावेत आणि वेळ सुट्या विधानांवर घालवावा. एखाद्या विधानाला सरासरी २ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर तिथे दुखणे आहे असे समजतात. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत तीच काही विधाने पुन्हा पुन्हा तळाशी दिसतात: ताणाच्या वेळी आधार नाही, पाठांतरावर फार भर आहे, फार थकवा येतो. पहिल्या वर्षाच्या शिक्षकाला या तीन ओळींत वर्षभराचे काम मिळते.

मणिपालचा निष्कर्षही थांबून पाहण्यासारखा आहे. पहिल्या वर्षाची मुले अधिक समाधानी का असावीत? महाविद्यालय त्यांच्याशी अधिक चांगले वागते, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर असे असू शकते की त्यांना अजून प्रवेश मिळाल्याचाच आनंद आहे. दोन-दोन वर्षे क्लासच्या खोलीत काढून, एखादे वर्ष रिपीट करून ज्याला मेडिकलला जागा मिळते तो पहिले काही महिने कशालाच नावे ठेवत नाही. म्हणून पहिल्या वर्षाला एकदाच विचारून भागत नाही. सुरुवातीचा फाउंडेशन कोर्स संपताना विचारावे, पहिल्या इंटर्नल परीक्षेचे गुण लागल्यावर विचारावे आणि विद्यापीठाच्या परीक्षेआधी पुन्हा विचारावे. या तीन उत्तरांतला फरक कोणत्याही एका आकड्यापेक्षा अधिक सांगतो. पहिली इंटर्नल हा मोठा धक्का असतो: आयुष्यभर वर्गात पहिला आलेला मुलगा तिथे पहिल्यांदा नापास होतो, आणि हे घरी कसे सांगायचे ते त्याला कळत नाही.

डंडीची प्रश्नावली आपल्या पहिल्या वर्षाला जशीच्या तशी लावली की काही जागी ती अडखळते. तिच्यातल्या एका विधानाचा आशय असा की गेल्या वर्षीच्या अभ्यासाची या वर्षी चांगली मदत झाली. आपल्या विद्यार्थ्याचे गेले वर्ष म्हणजे बारावी आणि नीट. लातूर, नांदेड किंवा कोटा इथल्या क्लासमध्ये त्याने चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव केलेला असतो, आणि इथे त्याला ब्रॅकियल प्लेक्ससची, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची, आकृती काढून दीर्घ उत्तर लिहायचे असते. तो या विधानाला ० देतो तेव्हा गुण महाविद्यालयाचे कापले जातात, पण बोलत असते ती प्रवेशपरीक्षेची व्यवस्था. दुसऱ्या दोन विधानांत शिक्षक रुग्णांशी कसे वागतात ते विचारले आहे. ज्याने अजून वॉर्ड नीट पाहिला नाही तो काय सांगणार? शिवाय लागेल ते सगळे मला पाठ होते, हे विधान तिथे चांगल्या खुणांमध्ये आहे आणि पाठांतरावर फार भर आहे हे वाईट खुणांमध्ये. या जागांवर निबंधांत सहसा फार बोलले जात नाही, पण त्यांच्यावर विचार केल्याशिवाय आपल्या आकड्यांचा अर्थ लागणार नाही.

त्याहून मोठा प्रश्न प्रश्नावलीत जे मुळात नाही त्याचा आहे. भाषेबद्दल तिच्यात काही नाही, आणि महाराष्ट्रात पहिल्या वर्षाचा अनुभव भाषेपासून सुरू होतो. आज नीट मराठीतून देता येते. प्रवेश मिळाल्यावर मात्र व्याख्यान, पुस्तक, जर्नल, व्हायवा सगळे इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला हृदयाचे रक्ताभिसरण समजलेले असते, बाह्य परीक्षकासमोर ते इंग्रजीत वाक्य जुळवून सांगताना ती अडते, आणि तिचे अडणे अज्ञान म्हणून नोंदवले जाते. गंमत वाटावी असा इतिहास म्हणजे १८४५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६०च्या दशकात मराठी आणि गुजरातीतून वैद्यक शिकवणारे वर्ग होते. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने पहिल्या वर्षाच्या विषयांची हिंदी पुस्तके काढली, तेव्हा हा वाद देशभर पुन्हा झाला. पदवीचे माध्यम बदलावे की नाही हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. पण कितीतरी शिक्षक व्याख्यान संपल्यावर, डिसेक्शनच्या टेबलाशी, मुलांना मराठीतून समजावतात आणि तिथे मुलांचे चेहरे उजळतात. हे चोरून करण्यासारखे काम नाही. विद्यार्थ्यांना वातावरण कसे वाटते हे विचारणाऱ्या प्रत्येक मराठी पाहणीत हा प्रश्न असला पाहिजे, आणि ती पाहणी मराठीतही भरता आली पाहिजे.

जातीबद्दलही तिच्यात काही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी अर्थतज्ज्ञ प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ मधला तिचा अहवाल या क्षेत्रातल्या वाचनयाद्यांत सहसा नसतो, तो असायला हवा. समितीने विद्यार्थ्यांना शिक्षकांचा आधार, परीक्षेतली वागणूक, वसतिगृहात कोण कुठे राहते, खेळ आणि भोजनगृहातले वेगळेपण याबद्दल विचारले आणि भेदभावाचे गंभीर चित्र पुढे आले. म्हणजे शैक्षणिक वातावरणाची पाहणीच ती, आणि डंडीची ५० विधाने जिथे पोहोचत नाहीत तिथे ती पोहोचली. आपल्या महाविद्यालयांत पहिल्याच आठवड्यात एकमेकांना नीटचे गुण आणि प्रवेशाचा प्रवर्ग विचारला जातो. या प्रश्नाने एखाद्या मुलाचे वर्ष कसे जाते हे सरासरीत दिसत नाही. दोनशेपैकी पंधरा जणांना महाविद्यालय असह्य वाटत असेल आणि उरलेल्यांना बरे, तर सरासरीही बरी येते. त्या पंधरा जणांची उत्तरे वेगळी काढून वाचणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे.

रॅगिंगविषयी थोडक्यात. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९९९ मध्ये कायदा केला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ मध्ये आले, आणि पालकांकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते. उघड छळ त्यामुळे कमी झाला असे मानले तरी सिनियरची जर्नले लिहून देणे, ‘इंट्रो’च्या नावाखाली रात्री उभे करणे हे प्रकार मुले रॅगिंग म्हणून सांगत नाहीत, कारण तसे म्हणायचे नसते हेही त्यांनी शिकलेले असते. असे प्रश्न नाव घेऊन विचारण्यापेक्षा ‘काल रात्री काय झाले’ असे साधे विचारावे.

आता डिसेक्शन हॉल. पहिल्या वर्षाच्या वातावरणाचा खरा गाभा तो. फॉर्मेलिनने झोंबणारे डोळे, एका टेबलाभोवती दाटीने उभी असलेली मुले, पुढच्या रांगेतल्यांनाच दिसणारी नस, आणि समोर एक माणूस, ज्याच्याबद्दल काहीच सांगितले जात नाही. काही मुलांना पहिल्या दिवशी मळमळते, काहींची झोप जाते, आणि बहुतेक जण आठवड्याभरात तिथेच डब्याच्या गप्पा मारू लागतात. हा बदल सरावाचा की भावना बोथट होण्याचा, यावर या क्षेत्रात पुष्कळ लिहिले गेले आहे आणि अजून लिहिण्यासारखे आहे. आपल्या अभ्यासक्रमाने याची दखल घेतली, ही समाधानाची गोष्ट. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात दृष्टिकोन, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग आहे, आणि पहिल्या वर्षाच्या एका घटकात मृतदेहाला पहिला गुरू मानून त्यावर चर्चा करायची आहे. देहदात्यांविषयी शपथ घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुजली आहे. जिथे विभागप्रमुख स्वतः त्या दिवशी थांबून मुलांशी बोलतात तिथे मुले तो दिवस विसरत नाहीत. जिथे हे सत्र सबमिशनच्या एका पानात उरकते तिथे मुले तेही शिकतात.

त्याच अभ्यासक्रमाने सुरुवातीला एक महिन्याचा फाउंडेशन कोर्स आणला आणि पहिल्याच वर्षी रुग्णांशी ओळख व्हावी अशी तरतूद केली. पुढे गावातली काही कुटुंबे विद्यार्थ्यांनी दत्तक घेण्याचा उपक्रमही आला. १९९७ च्या नियमांनी पूर्वीचे दीड वर्ष आखडून एक वर्षावर आणले होते. त्या घाईत राहून गेलेले काही परत आणण्याचा हा प्रयत्न आहे, आणि मला तो मोलाचा वाटतो. पण तो कागदावर झाला की प्रत्यक्षात, याचे उत्तर पुन्हा विद्यार्थ्यांकडेच आहे. २०२० च्या बॅचला तर पहिले वर्ष २०२१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि त्यातला मोठा भाग मोबाइलच्या पडद्यावर गेला. त्या बॅचकडे या विषयात सांगण्यासारखे खूप आहे, आणि ते विचारून घेण्याची वेळ हातची जात चालली आहे.

वातावरण हेतुपुरस्सर घडवता येते याचा आपल्याकडचा सर्वांत ठोस दाखला सेवाग्रामचा. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथले नवे विद्यार्थी अभ्यासाला लागण्याआधी काही दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात. प्रार्थना, श्रमदान, सूतकताई हे सगळे त्यात येते. नंतर पहिल्याच वर्षात एका गावात शिबिर होते, विद्यार्थ्यांना घरे वाटून दिली जातात आणि त्या घरांशी त्यांचा संबंध पुढेही राहतो. नीट येईपर्यंत तिथल्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका होती. ती आता नाही. त्यामुळे आज तिथे येणारा विद्यार्थी या विचाराची निवड करून आलेला असेलच असे नाही. ज्याने निवडले नाही त्याला आश्रमातले ते दिवस कसे वाटतात, हा मला फार महत्त्वाचा संशोधनाचा प्रश्न वाटतो. त्याचे उत्तर नंदुरबार, अलिबाग, सिंधुदुर्ग, सातारा, परभणी इथल्या नव्या सरकारी महाविद्यालयांना उपयोगी पडेल. तिथल्या रीती अजून घट्ट झालेल्या नाहीत आणि पहिल्या काही बॅच जे करतील तेच पुढे परंपरा म्हणून सांगितले जाईल.

पद्धतीबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. आपल्याच विद्यार्थ्यांकडून अर्ज भरून घेणारा शिक्षक त्यांचे इंटर्नलचे गुणही देत असतो, हे विसरू नये. अर्जावर रोल नंबर नको, हस्ताक्षर ओळखू येईल अशी लांब उत्तरे वर्गात लिहून घेणे नको, आणि ‘सगळ्यांनी भरलेच पाहिजे’ हा सूर तर नकोच. शक्य असेल तिथे दुसऱ्या विभागाच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या माणसाने विचारावे. आचारसमितीची परवानगी ही औपचारिकता मानू नये. प्रश्नावलीबरोबर गटचर्चा हवी, आणि काही जणांशी एकेकट्याने बोलणेही, कारण ज्याला खरे सांगायचे असते तो गटात गप्प बसतो. मेसचे जेवण, स्वच्छतागृह, रात्री ग्रंथालयातून वसतिगृहापर्यंतचा रस्ता अशा गोष्टी मुले आधी बोलतात. त्या किरकोळ समजून थांबवू नयेत. त्या ऐकल्या गेल्या की मगच बाकीचे बोलणे सुरू होते.

आणि जे कळेल ते परत करावे. पाहण्या होतात, निबंध छापून येतात, बढतीसाठी ते उपयोगी पडतात. ज्यांनी उत्तरे दिली त्या मुलांना निष्कर्ष मात्र कळत नाही. पहिल्या वर्षाचा कोणताही शिक्षक ही प्रस्तावना वाचून काही करणार असेल तर त्याने एवढे करावे: या बॅचने काय सांगितले आणि त्यावर विभाग काय बदलणार आहे, हे मराठीत आणि इंग्रजीत एका पानावर लिहून पुढची बॅच यायच्या आत डिसेक्शन हॉलच्या दाराशी लावावे, आणि खाली विभागप्रमुखाची सही असावी.